वर्ध्याचा संस्था-व्यवस्थापन वर्ग : आडवाटेने संस्थेत आलेल्यांसाठी

वर्ध्याला पंधरवड्यातून एकदा शनिवार-रविवारी संस्था-व्यवस्थापनाचा वर्ग भरतो. सहा महिने चालतो. सामाजिक संस्थेत काम करतात पण समाजकार्याची पदवी नाही, अशांसाठी तो आहे. या खेपेचा वर्ग मी पूर्ण केला. आमच्या यवतमाळ-वर्धा पट्ट्यात अशी माणसं गावोगाव आहेत आणि भेटली की विचारतात, ‘ताई, जावं का?’ म्हणून जरा सविस्तर लिहिते. वर्ग चालवणारी मंडळी थोडी आहेत, आणि मी उणिवाही मोकळेपणाने लिहिणार आहे, त्यामुळे नाव घेत नाही. वर्ध्यात संस्थांची कामं करणाऱ्या कुणालाही विचारा, पत्ता सांगतील.

आधीच सांगून टाकते : जावं. विशेषतः ज्यांची नोकरीची वाट सरळ गेली नाही त्यांनी तर जावंच. ते का, हे कळायला माझी वाट थोडी सांगावी लागेल.

मी कळंब तालुक्यातली. बी. ए. झालं, मग डी. एड. केलं, कारण त्या काळात आमच्याकडे शिकलेल्या मुलीने डी. एड. करायचं हे ठरलेलंच असायचं. आमची बॅच बाहेर पडली आणि पुढे शिक्षकभरती बरीच वर्षं जवळपास बंदच राहिली. घरी कोरडवाहू वावर, कापूस आणि तूर. मग एका कृषी सेवा केंद्रात बिलं लिहायला लागले. बियाणं, खत, फवारणीची औषधं आणि उधारीचं खातं. तिथून एका मायक्रोफायनान्स कंपनीत वसुलीला गेले. पगार बरा होता, पण हप्त्याच्या दिवशी एखादी बाई दार लावून आत बसायची आणि बाकीच्या गटातल्या बाया तिच्या ओट्यावर बसून राहायच्या, ते मला झेपेना. ती नोकरी सोडली. मग उमेद या बचत गटांच्या सरकारी अभियानात गावपातळीवर सीआरपी म्हणजे गटांना मदत करणारी कार्यकर्ती, तिथून माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) लोकसंचालित साधन केंद्रात, म्हणजे बचत गटांच्या केंद्रात, हिशेब लिहिणं, आणि आता एका लहान संस्थेत व्यवस्थापक. आमचं काम एकट्या बायांच्या शेतीवर आहे. संस्था उभी करणारे काका आता थकले. एका बैठकीत त्यांनी किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, ‘बाई, आता तूच पाहा.’

पाहायचं म्हणजे नेमकं काय, ते कुणी सांगत नव्हतं. गावात काम कसं करायचं ते येत होतं. संस्था कशी चालवायची ते येत नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गावात चांगलं काम असूनही कागद नीट नसल्याने बसलेल्या संस्था आमच्या जिल्ह्यात मी पाहिल्या आहेत.

वर्गाचं पहिलं सत्र मला सगळ्यात मोलाचं वाटलं. प्रत्येकाला एक ड्रॉइंग शीट दिला आणि आजवर केलेलं प्रत्येक काम क्रमाने लिहायला सांगितलं. काही लपवायचं नाही, चार महिन्यांची नोकरीसुद्धा लिहायची. प्रत्येक कामासमोर लिहायचं : या कामामुळे मला आज काय येतं? आम्ही वीस-बावीस जण होतो आणि पहिला अर्धा तास कुणाचाच पेन हलेना. आपल्याकडे नोकरी बदलणं म्हणजे टिकून न राहणं, असंच घरोघरी बोललं जातं. मुलाखतीतही आधी तेच विचारतात, ‘इतक्या ठिकाणी कशा काय?’

मग हळूहळू शीट भरायला लागले. आर्वीकडचा एक भाऊ आधी वायरमनच्या हाताखाली होता. तो म्हणाला, ‘कोन्या घरात मीटर नाही, कोनाचं कनेक्शन शेजाऱ्याकडून आहे, हे मले सर्वे न करता मालूम असे.’ तो आज घरकुलांचं काम करतो आणि यादीतून सुटलेली घरं त्याला चटकन दिसतात. चामोर्शीकडच्या एक सिस्टर एएनएम, म्हणजे गावोगाव लस देणाऱ्या परिचारिका, होत्या. नोंदवहीतला एक रकाना मोकळा राहिला तर पुढे एखादं बाळ लसीवाचून राहतं, हे त्या जितक्या पोटतिडकीने सांगत होत्या तितकं कुठल्याही पुस्तकात मी वाचलेलं नाही. एक दादा पूर्वी विमा विकायचे. अनोळखी माणसाकडे पैसे मागायला त्यांना संकोच वाटत नाही, आणि संस्थेत हा गुण किती दुर्मीळ असतो ते सगळ्यांना माहीत आहे.

माझ्या शीटवर डी. एड. समोर मी ‘पाठ टाचण’ लिहिलं. कुठल्याही प्रशिक्षणाआधी उद्दिष्ट काय, साहित्य काय, शेवटी काय विचारायचं, हे मी आजही टाचणासारखंच काढते आणि माझी प्रशिक्षणं भरकटत नाहीत. कृषी केंद्रासमोर लिहिलं : कोणत्या घराकडे पैसा कधी येतो ते कळतं. कापसाचा पहिला वेचा झाल्यावर उधारी फिटते, आषाढात फिटत नाही. आमच्या संस्थेतल्या बियाणे-निधीची परतफेड मी त्यावरच बसवली आहे. वसुलीच्या नोकरीसमोर काय लिहावं कळेना. ती पाच ओळींची जागा मी मोकळीच ठेवली होती. वर्ग घेणाऱ्या मॅडम जवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘कर्ज कोणत्या घराला झेपतं आणि कोणत्या घराला नाही, हे तुमच्याइतकं या खोलीत कुणाला कळतं?’ मी ते लिहिलं. आज गटाला कर्ज द्यायचं की आधी बचत वाढू द्यायची, हा निर्णय आमच्या समितीत माझ्याशिवाय होत नाही, आणि तो घ्यायला मी त्या वसुलीच्या नोकरीतच शिकले आहे.

दुपारी वर्ग घेणाऱ्या सरांनी दोन माणसांबद्दल सांगितलं, दोन्ही आपल्याच भागात काम केलेली. जे. सी. कुमारप्पा लंडनला शिकलेले हिशेबतपासनीस, मुंबईत त्यांचा व्यवसाय होता. १९२९ मध्ये गांधीजींना भेटले आणि १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हा वर्ध्याच्या मगनवाडीत येऊन राहिले. त्याच वर्षी बिहारमध्ये भूकंप झाला होता आणि तिथल्या मदतकार्याचा हिशेब त्यांनी सांभाळला. म्हणजे ताळेबंद लिहिणाराच माणूस ग्रामोद्योगाचा मोठा विचारवंत झाला. दुसरे बाबा आमटे. वकिली करणारा माणूस कुष्ठरोगाचं शास्त्रीय शिक्षण घ्यायला कलकत्त्याला गेला आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं. हे आपण शाळेपासून ऐकतो, पण आपल्या शीटवरच्या ओळी समोर ठेवून ऐकलं की वेगळं ऐकू येतं. सरांनी त्यावर प्रवचन दिलं नाही. एवढंच विचारलं की कुमारप्पांना हिशेब आला नसता तर बिहारमध्ये काय झालं असतं.

हिशेबाचं सत्र संपूर्ण रविवारचं होतं. तीन-तीन जणांच्या गटाला एकेक कापडी पिशवी दिली. आत एका वर्षाची बिलं, पावत्या, चिठ्ठ्या कोंबलेल्या. त्यातून संध्याकाळपर्यंत रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही) आणि खतावणी (खात्यांप्रमाणे मांडलेली वही) उभी करायची. आमच्या पिशवीत पेट्रोलपंपाची एक पावती होती, शाई उडून कोरी झालेली. वहीच्या कागदावर ‘चहापाणी ४८०’ एवढंच, ना तारीख ना सही. मंडपवाल्याचं बिल ७,५०० चं, पैसे पोचल्याची सही आहे पण रेव्हेन्यू स्टँप नाही. एका व्यापाऱ्याला १४,००० रुपये रोख दिल्याचं व्हाउचर. मॅडम टेबलाटेबलावर फिरत होत्या आणि उत्तर न सांगता प्रश्न टाकत होत्या. पाच हजारांच्या वर पैसे पोचल्याच्या पावतीला स्टँप का लागतो? एका दिवशी एकाच माणसाला दहा हजारांवर रोख दिलं तर आयकरात ते खर्च म्हणून धरलं जाईल का? एखाद्या गृहस्थाने पाच हजार रोख देणगी दिली आणि ८०जी ची, म्हणजे आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती मागितली, तर काय सांगाल? दोन हजारांच्या वर रोख देणगीला सवलत मिळत नाही हे त्याला आधीच सांगायला हवं, पावती फाडल्यावर नाही. मी माविमच्या केंद्रात वर्षानुवर्षं हिशेब लिहिलेले, तरी कोऱ्या पेट्रोल-पावतीवर अडकले. मॅडमनी सांगितलं : मिळाली त्याच दिवशी झेरॉक्स काढून मूळ पावतीला टाचायची. दोन रुपयांचं काम आहे. सोमवारपासून आमच्या संस्थेत ते सुरू झालं.

कायद्याचं सत्रही चांगलं होतं, कारण शिकवणारे वकील तालुक्याच्या भाषेत बोलायचे. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. अनेक संस्थांत मयत झालेले विश्वस्त वर्षानुवर्षं कागदावर जिवंत असतात आणि मग बँकेत सह्या अडतात. देणग्यांचं विवरण दरवर्षी ३१ मेच्या आत ऑनलाइन भरायचं, तरच देणगीदाराला त्याचं प्रमाणपत्र निघतं. परदेशी निधीचा नियम त्यांनी फार नीट उलगडला. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. आमच्याकडच्या लहान संस्थांचे प्रकल्प त्या वर्षानंतर एकामागून एक का बंद झाले, याचं एक मोठं कारण मला तिथे समजलं. नागपूर-पुण्याच्या मोठ्या संस्थेमार्फत येणारा हात तिथेच आखडला होता. गावात मात्र लोक म्हणत, ‘संस्थावाल्याईनं काम सोडलं.’ कार्यकर्त्यांनी काम सोडलं नव्हतं, पैशाची वाटच बंद झाली होती. हे गावात जाऊन सांगणंसुद्धा व्यवस्थापकाचं काम आहे, असं मला वाटतं.

सहल एकच होती, गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाची. गावाचं नाव बहुतेकांना ठाऊक असतं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा कायदेशीर हक्क, मिळालेलं, सुमारे १,८०० हेक्टर जंगल सांभाळणारं हे गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं. आम्ही मात्र तिथे घोषणा शिकायला गेलो नव्हतो. निर्णय बहुमताने न घेता सर्वांच्या सहमतीने घ्यायचा आणि त्याआधी अभ्यास गटात तो विषय चघळायचा, ही पद्धत समजून घ्यायची होती. आमच्या संस्थेच्या बैठकीत आधी हात वर करून ठराव व्हायचे आणि हरलेल्या बाया पुढच्या बैठकीला यायच्या नाहीत. आता वाद असलेला विषय आम्ही एका बैठकीत संपवत नाही. वेळ लागतो. पण ज्या वस्तीवर विहीर खोलीकरणावरून दोन तट पडले होते, तिथे काम पुन्हा सुरू झालंय.

आता उणिवा. यातल्या काही मोठ्या आहेत.

पहिली म्हणजे निधी उभारणी. त्याला एकच दिवस, आणि तोही पुण्याहून आलेल्या पाहुण्यांचा. त्यांची सगळी उदाहरणं मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थांची. कंपन्यांना समाजकामावर खर्च करायला लावणारं कंपनी कायद्याचं १३५ वं कलम, तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के, तो पैसा घ्यायला संस्थेला लागणारा सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक, हे त्यांनी पडद्यावर भरभर दाखवलं. माहिती बरोबर होती. पण राळेगाव-कळंबसारख्या तालुक्यात कोणत्या कंपनीचं दार वाजवायचं? आपल्याकडे आहेत त्या जिनिंग-प्रेसिंग आणि दालमिल. त्यातल्या बहुतेकांना हे कलम लागूच होत नाही, कारण त्यासाठी निव्वळ नफा पाच कोटी, उलाढाल हजार कोटी किंवा नक्तमूल्य (नेट वर्थ) पाचशे कोटी लागतं. मग आपण काय करायचं? गावातल्या व्यापाऱ्याकडून, बाहेर नोकरीला गेलेल्या गावच्या पोरांकडून, माहेरी येणाऱ्या लेकींकडून निधी कसा उभा करायचा, यावर एक शब्द नाही. आमचे विमावाले दादा यावर दोन तास सहज बोलू शकले असते. त्यांना बोलू द्यायला हवं होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचली. सहा महिन्यांत कार्यकर्त्याच्या पगारावर एकही सत्र नाही. अंदाजपत्रक शिकवलं, त्यात ‘मानधन’ असा रकाना होता आणि तो नेहमीच सगळ्यात शेवटी भरला गेला. मी विचारलं की प्रकल्प मार्चला संपला आणि पुढचा जूनला आला, तर मधले महिने घर कशावर चालवायचं? सरांनी मोकळेपणाने सांगितलं की आमच्याकडे याचं चांगलं उत्तर नाही. प्रामाणिकपणा आवडला, पण निदान प्रश्न तरी अभ्यासक्रमात घ्यावा. वीस किंवा जास्त कर्मचारी असले की भविष्य निर्वाह निधी लागू होतो, हे मला वर्गात कुणी सांगितलं नाही, मी आमच्या सीए कडून शिकले. विदर्भात हुशार पोरं संस्था सोडून जातात ती कंटाळून नाही जात. लग्न ठरताना ‘पगार किती आणि कायम आहे का’ याला त्यांच्याकडे उत्तर नसतं. ज्या वर्गाने आम्हाला आमच्या वाटेची किंमत करायला शिकवलं, त्याने ती किंमत रुपयात कशी मागायची हेही शिकवावं, एवढी माझी मनापासून मागणी आहे.

संगणकाचं सत्र कच्चं आहे. संगणक कमी, त्यात उन्हाळ्यात वीज जाते. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर तर एवढ्या घाईत झालं की ज्यांना आधीपासून येत होतं त्यांनाच समजलं. मला येत होतं म्हणून निभावलं, शेजारच्या सिस्टर मात्र हिरमुसल्या. वाचायला दिलेलं साहित्य अर्धंअधिक इंग्रजीत होतं. मराठीतल्या टिपणांचा दर्जा चांगला आहे, ती वाढवावीत. आणि लहान लेकरू असलेल्या बाईला तिथे सोय नाही. आमच्यातली एक ताई तिसऱ्या वेळेपासून येऊ शकली नाही, याच कारणाने. महिलांसोबत काम करणाऱ्या संस्थांच्या वर्गात हे व्हायला नको.

राहणं-जेवण साधं आणि स्वच्छ. सतरंजी, गादी, मच्छरदाणी देतात, पांघरूण आपलं न्यावं. जेवणात भाजी, वरण-भात, पोळी, आणि रविवारी सकाळी तर्रीचे पोहे, ते मात्र नाव घेण्यासारखे. कळंबहून देवळीमार्गे एसटीने जाता येतं आणि बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट असल्याने प्रवासाचा बोजा वाटला नाही. फी सहा हजार, दोन हप्त्यांत. माझी फी संस्थेने भरली. स्वतः भरणाऱ्यांना एक हप्ता पुढे ढकलून देतात, तसं मागितलं पाहिजे.

प्रमाणपत्राबद्दल गैरसमज नको. हे विद्यापीठाचं प्रमाणपत्र नाही. ज्या जाहिरातीत ‘एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) आवश्यक’ लिहिलंय तिथे ते चालणार नाही. पदवीच हवी असेल तर नागपूर, वर्धा, यवतमाळला समाजकार्य महाविद्यालयं आहेत, मुक्त विद्यापीठातूनही होतं. नुकतंच शिक्षण संपवून पहिली नोकरी शोधणाऱ्या पोरापोरींना मी इथे पाठवणार नाही. त्यांच्या शीटवर लिहायला अजून काही नाही, आणि या वर्गाचं अर्धं शिक्षण एकमेकांच्या शीटवरून होतं. त्यांनी आधी दोन-चार वर्षं कुठेतरी काम करावं. कृषी केंद्रात करा, दवाखान्यात करा, बचत गटाच्या केंद्रात करा.

ज्यांच्या हातात संस्थेच्या किल्ल्या आल्या आहेत किंवा येणार आहेत, त्यांनी मात्र थांबू नये. पुढच्या वर्गाचे अर्ज कापसाचा हंगाम ओसरल्यावर घेतात. अर्जाबरोबर आधीच्या कामाचे दाखले मागतात. दाखला नसेल तर बचत गटांच्या ग्रामसंघाच्या अध्यक्षांचं किंवा सरपंचांचं पत्र चालतं, माझ्या बॅचमध्ये तिघांचं तेच होतं. आपल्या संस्थेचा मागच्या वर्षीचा ताळेबंद आणि ठराव-बुकाची झेरॉक्स सोबत ठेवा. कायद्याच्या सत्रात वकीलसाहेब तेच कागद उघडून समोर बसतात, आणि ज्यांनी ते आणले नव्हते त्यांना नुसतं ऐकत बसावं लागलं.